चार ठिपके

ब्राउनश्वाइगला जानेवारीत चारलाच अंधारतं.
ट्राममधून उतरले की आधी पंपाचा आवाज कानांनी शोधते:
ठक्. ठक्.
एकतीस वर्षं मी थंडी राखते आहे.
दारावर पाटी आहे, गेर्लिंडे कासेबाउम, निर्वात आणि शीत.
एवढ्यात सगळं आलं.

आत एक अणू आहे. एकच.
कॅल्शियमचा. वीस इलेक्ट्रॉनांचं खटलं होतं त्याचं,
चौदा आम्ही ओरबाडून काढले.
उरलेले सहा केंद्राला असे बिलगलेत
जशी पुरात छपराचं आढं धरून बसलेली माणसं.
विब्के म्हणते, इतकं जवळ बसलं की
केंद्रातली कुजबूज ऐकू येते,
आणि त्या कुजबुजीत एखादा अनोळखी आवाज आहे का,
एवढंच तिला विचारायचंय.

पण हा येतो धुमसत,
ताकास तूर लागू देत नाही.
म्हणून शेजारी बेरिलियमचा एक बसवायचा,
त्याला लेझरनं आधी निववायचं,
मग त्याच्या संगतीनं हाही निवतो.
याला ही मंडळी सहानुभूतीनं थंड करणं म्हणतात.
पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हसले.
माझ्या नवऱ्यावर हा उपाय चालला नव्हता.

नंतर पिवळ्या प्रकाशाचा एक प्रश्न.
हा बोलत नाही. शेजारी बोलतो,
उजळून किंवा न उजळून.

अशी पाच भावंडं:
चाळीस, बेचाळीस, चव्वेचाळीस, सेहेचाळीस, अठ्ठेचाळीस.
सेहेचाळीसची चिमूटभर भुकटी माझ्या गाडीहून महाग.
ती कुपी उचलताना विब्के श्वास रोखते.
पाच भावंडांतले चार फरक, कागदावर चार ठिपके,
आणि जगात सगळं ठीक असेल
तर ते सुतासारख्या सरळ रेघेत बसायला हवेत.

नोव्हेंबरात रेघ वाकली.

कुणी बाटली उघडली नाही.
हेनेके चष्मा पुसत म्हणाला, आधी स्वतःवर संशय घ्या.
मग आम्ही घेतला.
चुंबकांवर, आरशांवर, माझ्या थंडीवर
(मी दोन दिवस कुणाशी बोलले नाही),
शेवटी रस्त्यावरच्या ट्रामवर.
तारांतली वीज भिंतीतून आत येते म्हणे.
म्हणून रात्री एक ते चार, रूळ झोपलेले असताना
सगळं पुन्हा. सतरा रात्री.
मी पायीच घरी जायचे, ओकरच्या काठानं,
जपून, कारण हाडं ठिसूळ झालीत
असं डॉक्टरीणबाईंनी बजावलंय.

वाक तसाच राहिला.
विब्के जेवेना. एकदा तिनं मला विचारलं,
तुम्हाला काय वाटतं, आहे का कुणी आत?
मला काय वाटणार. मी म्हटलं, गळती तर नाही.

मग वॉर्साहून एका बाईंची बारा पानं आली.
वजनाच्या हिशेबातली एक विसरलेली दुरुस्ती,
आणि केंद्राचं स्वतःचंच जरासं चेपणं.
वाक जवळपास सगळा त्यात मावला.
उरला तो इतका की आहे म्हणता येईना,
नाही म्हणायलाही जीभ रेटेना.

ती माझ्याकडे येऊन नायट्रोजनच्या रिकाम्या टाकीवर बसली.
म्हणजे नाही? मी विचारलं.
म्हणजे इथे नाही, ती म्हणाली. एवढ्या जोरानं नाही.
मग बराच वेळ पंप.
मग म्हणाली, सोमवारी सेहेचाळीस पुन्हा भरू,
गेल्या वेळी कुपीच्या तळाशी थोडं राहिलंय.

घरी आले. नऊ वाजले होते.
पेल्यात कॅल्शियमची गोळी टाकली,
ती फसफसत वर आली.
लाखात चार असतात म्हणे त्यात सेहेचाळीसचे,
न मोजलेले, न विचारलेले,
लिंबाच्या खोट्या वासाचे.

मी पिऊन टाकले.